विश्लेषण : टायफॉइडची औषधे एकेक करून निकामी होत आहेत, मग लस सरकारी वेळापत्रकात का नाही?

घरात कुणाचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही की आपल्याकडे पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. सकाळी गल्लीतल्या लॅबमध्ये रक्त द्यायचे, संध्याकाळी ‘विडाल पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हातात येतो आणि रात्रीपासून प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक) कोर्स सुरू होतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर पंधरा दिवसांत सहा जणांना ‘टायफॉइड’ निघाला होता. सगळ्यांचे निदान विडालवर झाले. एकाचेही रक्त कल्चरला गेले नाही आणि सहापैकी चौघांच्या हातात चार वेगवेगळी औषधे होती. त्यातल्या कुणाला खरोखर टायफॉइड होता, हे आजही कुणी सांगू शकणार नाही. सगळे बरे झाले, म्हणून तेव्हा कुणी विचारलेही नाही.

हा प्रश्न आता विचारावा लागतो, कारण ही औषधे संपत चालली आहेत. दुकानात ती मिळतात, पण जिवाणू त्यांना दाद देत नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार, २०२१ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट ११ लाख ४० हजार मृत्यू झाले. हेच चालू राहिले तर २०५० पर्यंत ही बेरीज ३ कोटी ९० लाखांवर जाईल. उपाय म्हणून आपल्याला नेहमीच्या तीन गोष्टी सांगितल्या जातात : डॉक्टरांनी औषधे जपून लिहावीत, रुग्णांनी कोर्स मनाने घेऊ किंवा सोडू नये, कंपन्यांनी नवी औषधे शोधावीत. चौथा उपाय तयार आहे, भारतात बनतो आणि नवी मुंबईत तपासूनही झाला आहे. तो म्हणजे लस. त्यावर मात्र फारच कमी बोलले जाते.

टायफॉइडची औषधे कशी गळत गेली?

जुन्या पिढीत टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणत. ताप मुदत संपल्यावरच उतरणार, तोवर पेज, गार पाण्याच्या पट्ट्या आणि देवाचा धावा, एवढेच हातात असे. प्रतिजैविके येण्यापूर्वी दहा रुग्णांमागे एक-दोन जण दगावत. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि चित्र पालटले. पण पाव शतकाच्या आत, १९७२ च्या सुमारास, मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळमध्ये या औषधाला न जुमानणारा टायफॉइड दिसला. ऐंशीचे दशक संपता संपता क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिन्हींना एकाच वेळी पुरून उरणारे जिवाणू भारतीय उपखंडात पसरले होते. मग सिप्रोफ्लॉक्सासिनची लाट आली. नव्वदच्या दशकात ‘सिप्रो’ हे नाव डॉक्टर नसलेल्यांनाही पाठ होते. आज भारतात टायफॉइडच्या रुग्णांमधून मिळणाऱ्या दहापैकी नऊहून अधिक जिवाणूंवर सिप्रो गटातील औषधे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत.

उरली दोन मुख्य औषधे. एक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, जे फक्त इंजेक्शनने देता येते. म्हणजे बहुतेकदा दवाखान्यात भरती, सलाइन आणि बुडालेली रोजी. दुसरे अ‍ॅझिथ्रोमायसिन, गोळीने घेता येणारे शेवटचे भरवशाचे औषध. करोनाकाळात हेच औषध विषाणूच्या आजारासाठी घरोघरी वाटल्यासारखे खाल्ले गेले, हे आठवून पाहा.

यातल्या पहिल्या औषधालाही तडा गेला आहे. शेजारच्या पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात नोव्हेंबर २०१६ पासून टायफॉइडची असामान्य साथ सुरू झाली. हा जिवाणू पहिल्या तीन औषधांना, सिप्रोला आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद देत नव्हता. तोंडाने घेण्याजोगे फक्त अ‍ॅझिथ्रोमायसिन चालत होते. ते न लागू पडल्यास अतिदक्षता विभागात वापरली जाणारी कार्बापेनेम गटातील महागडी इंजेक्शने. जनुकीय तपासणीत कारण स्पष्ट झाले. मुळातच बऱ्याच औषधांना सरावलेल्या टायफॉइडच्या जिवाणूने आतड्यातील ई-कोलायसारख्या जिवाणूंमध्ये आढळणारे एक ‘प्लास्मिड’ उचलले होते. प्लास्मिड म्हणजे जिवाणूंनी एकमेकांना देण्याघेण्याजोगा डीएनएचा छोटा गोल तुकडा. पेनड्राइव्हवरून एखादे सॉफ्टवेअर एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये जावे, तसे. २०१८ संपेपर्यंत सिंधमध्ये अशा टायफॉइडचे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

ही गोष्ट सीमेपलीकडची म्हणून सोडून देता येत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन गटाला न जुमानणारे टायफॉइडचे जिवाणू मुंबईतील रुग्णांमध्येही सापडले आहेत. त्यांचा जनुकीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यांचे प्लास्मिड सिंधमधल्यापेक्षा वेगळे आहे. म्हणजे तिकडची साथ इकडे आलेली नाही, तर इथल्या जिवाणूंनी स्वतंत्रपणे तोच धडा गिरवला. त्याच वर्षी टायफॉइडच्या साडेसात हजारांहून अधिक जिवाणूंच्या जनुकीय नकाशांचा मोठा अभ्यास आला. १९९० पासून औषधरोधक टायफॉइडने सुमारे २०० वेळा एका देशातून दुसऱ्या देशात उडी घेतली आणि त्यातल्या बहुतेक उड्यांचे उगमस्थान दक्षिण आशिया होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिनला निष्प्रभ करणारे जनुकीय बदलही गेल्या वीस वर्षांत किमान सात वेळा स्वतंत्रपणे घडल्याचे त्यात दिसले.

लस औषधरोध कसा रोखते?

पहिला मार्ग अगदी सरळ आहे. ज्याला आजार होत नाही, त्याला औषधरोधक आजारही होत नाही. लशीला जिवाणू सिप्रोला जुमानतो की नाही याच्याशी काही देणेघेणे नसते. टायफॉइडची लस जिवाणूच्या बाहेरचे साखरेचे कवच ओळखायला शरीराला शिकवते. औषधरोधाची जनुके आत असली काय नि नसली काय, कवच तेच राहते.

दुसरा मार्ग औषधांच्या खपातून जातो. आजार कमी, तर प्रतिजैविकांचे कोर्सही कमी. आणि प्रत्येक कोर्स फक्त आजाराच्या जिवाणूवर काम करत नाही. आतड्यातल्या अब्जावधी निरुपद्रवी जिवाणूंनाही तो गाळणीतून काढतो आणि त्यातून औषधाला सरावलेले तेवढे मागे राहतात. वर ज्या प्लास्मिडचा उल्लेख आला, त्यांची पैदास अशाच आतड्यांत होते. त्यामुळे विषाणूंवरच्या लशीही इथे कामाला येतात. न्यूमोकॉकल (न्यूमोनियाची) लस आणि रोटाव्हायरस (जुलाबाची) लस या दोन्हींमुळे गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पाच वर्षांखालील मुलांमधील प्रतिजैविकांनी उपचार होणारी अनुक्रमे २ कोटी ३८ लाख आणि १ कोटी ३६ लाख आजारपणे दरवर्षी टळतात, असा अंदाज २०२० मध्ये ‘नेचर’मधील अभ्यासाने मांडला. जुलाबाला प्रतिजैविक बहुतेक वेळा लागतच नाही, पण दिले जाते. तो आजारच टाळला की चुकीच्या चिठ्ठीचा प्रश्नही मिटतो.

तिसरा मार्ग सामूहिक संरक्षणाचा. पुरेशा मुलांना लस मिळाली की जिवाणूचा फिरण्याचा रस्ता अरुंद होतो आणि लस न घेतलेल्यांनाही थोडे संरक्षण मिळते.

इथे एक शंका नेहमी येते : जिवाणू औषधांना सरावतात, तसे लशीलाही का सरावणार नाहीत? अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला याचे उत्तर आकड्यांत सापडते. औषध सुरू होते तेव्हा शरीरात जिवाणूंची संख्या प्रचंड झालेली असते. कोट्यवधींत एखादाच औषधाला टिकणारा निघत असला तरी एवढ्या गर्दीत तो असण्याची शक्यता मोठी. लशीने तयार झालेली प्रतिकारशक्ती मात्र जिवाणू शिरताच, ते मूठभर असतानाच त्यांना गाठते. शिवाय औषध बहुधा जिवाणूच्या एकाच नेमक्या जागी घाव घालते, तर प्रतिपिंडे कवचावर अनेक ठिकाणी चिकटतात. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर प्रतिजैविक म्हणजे ब्रेकडाऊन मेंटेनन्स आणि लस म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. दुसऱ्याचा खर्च नेहमी डोळ्यांवर येतो, कारण न झालेला बिघाड ताळेबंदात दिसत नाही.

खरे तर जिवाणूंवरच्या लशी प्रतिजैविकांपेक्षा जुन्या आहेत. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इंग्लंडमध्ये टायफॉइडची पहिली लसही त्याच सुमारास आली. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर तीस वर्षांनी, १९२८ मध्ये लागला. औषधे स्वस्त आणि हमखास झाल्यावर जिवाणूंवरच्या अनेक लशींकडे जगाने पाठ फिरवली.

टायफॉइडच्या जुन्या लशींची एक मोठी अडचण होती. नुसत्या साखरेच्या कवचापासून केलेली लस दोन वर्षांखालील बाळांमध्ये चालत नसे, कारण एवढ्या लहान मुलांचे शरीर साखरेला नीट ओळखत नाही. मोठ्यांमध्येही तिचा असर दोन-तीन वर्षांत ओसरायचा. नव्या ‘टायफॉइड कॉन्ज्युगेट लशी’त (टीसीव्ही) हीच साखर एका प्रथिनाला, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला, जोडली जाते. प्रथिन दिसताच बाळाची रोगप्रतिकार यंत्रणा जागी होते आणि सोबतची साखरही लक्षात ठेवते. सहाव्या महिन्यापासून एकच डोस पुरतो. हैदराबादच्या (आपल्या तेलंगणातल्या) भारत बायोटेकच्या अशा लशीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच ती एका महापालिकेने हाती घेतली.

नवी मुंबईत काय घडले?

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी टीसीव्हीची मोहीम सुरू केली. सरकारी यंत्रणेने राबवलेली या लशीची ही जगातील पहिली मोहीम. ना देशाच्या आरोग्य मंत्रालयाची, ना राज्याची, तर एका महापालिकेची. हे मुद्दाम अधोरेखित करतो, कारण महापालिका म्हटले की आपल्या बातम्यांत खड्डे आणि निविदाच येतात.

संपूर्ण शहरात या वयोगटातील सुमारे ३ लाख २० हजार मुले होती. पहिला टप्पा १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या काळात झाला. त्यात अंदाजे १ लाख १३ हजार मुलांना, म्हणजे त्या टप्प्यातील उद्दिष्टाच्या ७१ टक्के मुलांना लस मिळाली. मोहीम दोन टप्प्यांत विभागण्यामागे आणखी एक हेतू होता. पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांच्या हद्दीत आधी लस द्यायची, उरलेल्यांत नंतर. कोणते केंद्र आधी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिकपणे ठरले. त्यामुळे एकाच शहरात, एकाच पावसाळ्यात, लस मिळालेल्या आणि अजून न मिळालेल्या वस्त्यांची तुलना करता आली.

पुढचे सुमारे दीड वर्ष तापाने रुग्णालयात येणाऱ्या मुलांचे रक्त कल्चरसाठी घेतले गेले. विडालवर विसंबणे नाही. लस पोहोचलेल्या वस्त्यांमधील मुलांमध्ये कल्चरने सिद्ध झालेला टायफॉइड ५६ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा वाचताना घाई करू नये. तो लस घेतलेल्या एकेका मुलाला मिळणाऱ्या संरक्षणाचा नाही. लस न घेतलेली २९ टक्के मुले त्यात धरलेली आहेत. टायफॉइडची वस्ती एक आणि शाळा दुसरीकडे, असे होत असल्याने संसर्ग एका हद्दीतून दुसरीत जातो, तेही त्यात आले. प्रत्यक्ष शहरात, प्रत्यक्ष यंत्रणेने, अपुऱ्या व्याप्तीवर मिळवलेला हा निकाल आहे. काटेकोर चाचण्यांमध्ये याच लशीची परिणामकारकता नेपाळ, मलावी आणि बांगलादेशात ८० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान दिसली होती.

आणि हे शहर कोणते? मोरबे धरणाचे स्वतःच्या मालकीचे पाणी असलेले, आखीव सेक्टरांचे शहर. तिथे दिघा-तुर्भ्याच्या दाट वस्त्याही आहेत, हे खरे. पण पाण्याच्या बाबतीत देशातल्या बहुतेक महापालिका नवी मुंबईचा हेवा करतील. त्या शहरालाही टायफॉइडसाठी लस घ्यावीशी वाटली.

सिंधमध्ये परिस्थितीच्या रेट्याने तेच करावे लागले. हैदराबादच्या सर्वाधिक बाधित भागात २०१८ मध्ये दोन लाखांहून अधिक मुलांना टीसीव्ही दिली गेली. तिथे औषधरोधक टायफॉइडविरुद्ध लशीची परिणामकारकता ९७ टक्के आढळली. पाचपैकी पाच औषधांना हुलकावणी देणारा जिवाणू एका टोचणीपुढे थांबला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाकिस्तानने ही लस आपल्या नियमित लसीकरणात घेतली आणि तसे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. लस बनली भारतात, तिची पहिली सार्वजनिक मोहीम झाली भारतात आणि नियमित कार्यक्रमात ती पहिल्यांदा गेली पाकिस्तानात.

न्यूमोनियाच्या लशीचा धडा काय?

टायफॉइडचा पुरावा ताजा आहे. लशीने औषधरोध मोजण्याइतका घटतो याचा जुना पुरावा अमेरिकेतून येतो. तिथे २००० मध्ये लहान मुलांना न्यूमोकॉकसच्या सात प्रकारांविरुद्धची लस देणे सुरू झाले. १९९९ ते २००४ या काळात दोन वर्षांखालील मुलांमध्ये पेनिसिलिनला पुरते न जुमानणाऱ्या न्यूमोकॉकसचे गंभीर आजार ८१ टक्क्यांनी घटले. लस न घेतलेल्या, ६५ वर्षांवरील आजी-आजोबांमध्येही ते ४९ टक्क्यांनी उतरले. नातवंडांच्या घशातून आजोबांपर्यंत जाणारी साखळी तुटली होती.

पण जिवाणूही शांत बसला नाही. लशीत नसलेला ‘१९-ए’ हा प्रकार रिकाम्या जागेत वाढला आणि त्यातले बरेच जिवाणू औषधरोधक होते. त्याला समाविष्ट करणारी तेरा प्रकारांची लस २०१० मध्ये आली, तेव्हा कुठे तोही आटोक्यात आला. म्हणजे लशीलाही देखभाल लागते. टोचले की संपले, असे नाही.

भारतात न्यूमोकॉकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर मोफत दिली जाते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे डोस असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आशिया व आफ्रिकेत आढळणारे प्रकार निवडून स्वस्त लस बनवली. तिच्यामुळे हे परवडणे सोपे झाले. म्हणजे वेळापत्रकात नवी लस बसवण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे आणि ती चालते.

मग टायफॉइडची लस राष्ट्रीय कार्यक्रमात का नाही?

लसीकरणाबाबत केंद्राला सल्ला देणाऱ्या ‘एनटागी’ या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये टीसीव्हीची शिफारस केली. तरीही सरकारी दवाखान्यातल्या लसीकरणाच्या कार्डावर टायफॉइडचा रकाना अजून आलेला नाही. खासगी बालरोगतज्ज्ञ ही लस देतात, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनाही तिची शिफारस करते. म्हणजे आज ती ज्यांच्या घरात पाण्याचा फिल्टर आहे त्यांनाच मिळते आणि जिथे नळाशेजारून गटार वाहते, तिथल्या मुलांना मिळत नाही.

विरोधातले मुद्दे पोकळ नाहीत. पहिला मुद्दा म्हणजे टायफॉइड देशभर सारखा नाही. २०१७ ते २०२० दरम्यान झालेल्या मोठ्या पाहणीत दर लाख मुलांमागे वर्षाला वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत ११७३, दिल्लीत ५७६ रुग्ण आढळले. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण वढू परिसरात मात्र फक्त ३५. मग वढूच्या बाळालाही लस द्यायची का? माझ्या मते या आकड्यांचा अर्थ ‘लस नको’ असा होत नाही, ‘आधी शहरे’ असा होतो. टप्पे पाडण्याची सवय न्यूमोकॉकल लशीच्या वेळी झालीच आहे.

दुसरा मुद्दा टिकण्याचा. मलावीत चार वर्षांनंतरही संरक्षण ७८ टक्के होते. बांगलादेशात मात्र तीन ते पाच वर्षांनी ते बरेच घटलेले दिसले. टायफॉइडचा फटका शाळेच्या वयातही बसतो, त्यामुळे पाचव्या वर्षाच्या आसपास बूस्टर लागेल का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याने खर्च वाढतो.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार : टायफॉइड हा मुळात पाण्याचा आणि मैल्याचा आजार आहे. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ मध्ये शहराच्या पाण्यात क्लोरीन मिसळायला सुरुवात केली, मागोमाग इतर शहरांनीही. तिथला टायफॉइड प्रतिजैविके येण्याच्या आधीच ओसरला होता. लशीने हात वर करून पालिकांना पाइपलाइन विसरायला मोकळे करू नये, ही भीती रास्त आहे. पण पाण्याची वाहिनी आणि मलनिस्सारणाची वाहिनी शहरभर वेगळी आणि गळतीमुक्त करायला दशके लागतात. अ‍ॅझिथ्रोमायसिनपाशी तेवढा वेळ आहे, असे वरचा पुरावा पाहून वाटत नाही. लस तो मधला वेळ मिळवून देते. दोन्हींचे बजेट एकाच थैलीतून काढायला लावणे ही चुकीची मांडणी आहे.

एक गोष्ट मात्र लशीच्या समर्थकांनीही नीट सांगायला हवी. लसीकरणाने औषधरोधक रुग्णांची संख्या खूप घटते, पण उरलेल्या जिवाणूंमधले औषधरोधकांचे प्रमाण फारसे घटत नाही. ७३ देशांसाठी २०२२ मध्ये केलेल्या गणिती अंदाजानुसार नियमित लसीकरणासोबत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोहीम घेतली, तर दहा वर्षांत सिप्रो गटाला न जुमानणाऱ्या टायफॉइडचे चार कोटींहून अधिक रुग्ण टळतील. प्रमाणातली घट मात्र १६ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे लस जुने औषध पुन्हा धारदार करून देत नाही. तिने होते एवढेच, की त्या औषधाची गरज पडणारी माणसे कमी होतात.

सरकारी हिशेबात ही बाजू धरलीच जात नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. लशीचा फायदा मोजताना टळलेले मृत्यू आणि टळलेला रुग्णालयाचा खर्च पाहिला जातो. टायफॉइडचे मृत्यू उपचारांमुळे कमी असतात, म्हणून लस ‘तातडीची’ वाटत नाही. पण ते मृत्यू ज्या औषधांमुळे कमी आहेत, तीच औषधे प्रत्येक कोर्सगणिक झिजत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२४ च्या अहवालाने ही झीज मोजायचा प्रयत्न केला. टायफॉइड लसीकरणाला वेग दिला तर दरवर्षी प्रतिजैविकांचे साडेचार कोटी दैनिक डोस वाचू शकतात. न्यूमोकॉकस, हिब आणि टायफॉइड या आजच उपलब्ध असलेल्या लशी पुरेशा पोहोचल्या तर औषधरोधाशी निगडित १ लाख ६ हजारांपर्यंत मृत्यू दरवर्षी टाळता येतील. सध्याच्या आणि येऊ घातलेल्या सगळ्या लशी धरल्या तर जगातला प्रतिजैविकांचा वापर २२ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. ‘अँटिबायोटिक जपून वापरा’ या कोणत्याही मोहिमेने एवढी बचत एकहाती केल्याचे माझ्या वाचनात नाही.

बाकीच्या जिवाणूंचे काय?

इथे बातमी तेवढी चांगली नाही. आपल्या अतिदक्षता विभागांना सर्वाधिक छळणाऱ्या क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर बाजारात एकही लस नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवरचे मोठे प्रयत्न फसले. वृद्धांमधील ई-कोलायच्या गंभीर संसर्गावरील लशीची मोठी जागतिक चाचणी पुरेसा परिणाम न दिसल्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवावी लागली. हे जिवाणू अनेक रूपांत येतात, बहुतेकदा आधीच आजारी असलेल्या माणसाला गाठतात आणि लस नेमकी कुणाला, कधी द्यायची हेच ठरत नाही. क्षयरोगावर ‘एम७२’ या लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२४ मध्ये आफ्रिकेत सुरू झाली. तिच्याकडे भारताने डोळे लावून बसणे साहजिक आहे, कारण क्षयरोगाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि म्हणून प्रतिजैविकांची सर्वांत मोठी संभाव्य बचतही तिथेच आहे.

टायफॉइडच्या बाबतीतही टीसीव्ही सर्व काही झाकत नाही. तसाच ताप देणाऱ्या पॅराटायफॉइड-ए वर ती चालत नाही, कारण त्या जिवाणूला ते साखरेचे कवचच नसते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दोन्हींवर मिळून चालणारी लस तयार केली असून तिच्या पहिल्या टप्प्यातील मानवी चाचणीचे निकाल २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

पालकांनी आत्ता काय करावे?

मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. सरकारी वेळापत्रकातल्या न्यूमोकॉकल आणि पेंटाव्हॅलंट (यात हिबची लस असते) या लशींचे सर्व डोस झाले आहेत का, ते आधी तपासा. ते मोफत आहेत. टायफॉइडची लस कार्डावर नसेल तर बालरोगतज्ज्ञांना ‘कॉन्ज्युगेट’ लस झाली आहे का, असे नेमके विचारा. मूल मोठे असले तरी उशीर झालेला नसतो.

ताप लांबला आणि टायफॉइडचा संशय असेल तर पहिली गोळी घेण्याआधी ‘ब्लड कल्चर करायचे का’ हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. औषध सुरू झाल्यावर कल्चरमध्ये जिवाणू सापडण्याची शक्यता घटते. ही तपासणीही परिपूर्ण नाही, खऱ्या टायफॉइडच्या दहापैकी सुमारे सहा रुग्णांतच ती पॉझिटिव्ह येते आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात. पण कोणते औषध चालेल हे विडाल सांगू शकत नाही, कल्चर सांगू शकते. शिवाय पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल किंवा ताप दुसऱ्याच कशाचा असेल, तरीही एकदाच केलेली विडाल पॉझिटिव्ह दाखवू शकते.

आमच्या हॉस्टेलच्या सहा जणांपैकी एकाने गेल्या वर्षी मुलीला टीसीव्ही दिली. लस घेताना डॉक्टरांनी त्याला विचारले, तुम्हाला कधी टायफॉइड झाला होता का? तो म्हणाला, रिपोर्टमध्ये तसे लिहिले होते.